चौथ्या मजल्यावरचा देवदूत

"उंच म्हणजे किती उंच?" मिल्याननं फोनवर विचारलं.

सेंकानं मदतीसाठी नवऱ्याकडे बघितलं, पण नवरा न्हाणीघरात होता. वुकोता कुलाशेविच म्हणजे इटलीहून येताना वादळात बोटीच्या डेकवर उभा राहून पाव खाणारा माणूस. पोरीच्या दोन्ही ऑपरेशनांच्या वेळी त्यानं उलट डॉक्टरीणबाईंनाच धीर दिला होता. पण 'बाबा, यंदा देवदूताच्या सणाला आम्ही वर येत नाही' एवढं वाक्य बापाला ऐकवायची वेळ आली आणि त्याला तातडीनं दाढी करावीशी वाटली. वुकोताला छातीपर्यंत दाढी आहे. लग्नाआधीपासून आहे.

"डोंगर नको, विमान नको," सेंका म्हणाली. "इकाच्या डाव्या डोळ्यात अजून हवेचा फुगा आहे. तो विरेपर्यंत."

"मग डोंगरावर जाऊच नका. सरळ सुवोदोलला या."

"बाबा, सुवोदोल डोंगरावर आहे."

"सुवोदोल आपल्या जागेवर आहे, सूनबाई. बाकीची गावं खाली गेलीत."

सेंकानं डोळे मिटले. ती समुद्रकाठची. सात वर्षं या घराण्यात राहून तिला एवढं कळलं होतं की सासऱ्याशी वाद घालताना दमायचं नाही, दम त्याला आपोआप लागतो.

"ती डॉक्टरीण कुठली म्हणालीस?"

"नापोलीची."

"बघ. समुद्रकाठची. तिच्या लेखी स्टूलसुद्धा उंच असेल. मी मेंढा कापलाय, सेंका. त्याला आता काय सांगू?"

"त्याला काही सांगू नका. ऐका. ग्रूयोच्या दुकानात चिप्सची पाकिटं असतात ना? इथून निघतात तेव्हा चपटी असतात. तुमच्याकडे पोचेपर्यंत उशीसारखी फुगतात. का? वर बाहेरची हवा विरळ होते, म्हणून आतली पसरते. इकाच्या डोळ्यात तशीच हवा कोंडलीय. आणि डोळा म्हणजे पाकीट नाही, ग्रूयोकडे दुसरा मिळत नाही."

मिल्याननं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुम्ही आहात कुठं आत्ता?"

"बारला. बंदर इथंच आहे, बोट इथंच लागते."

"बारला कुणाकडे?"

न्हाणीघरातलं पाणी अचानक बंद झालं. वुकोता ऐकत होता.

"रादोशकाकांकडे," सेंका म्हणाली.

फोनमधून तिला सुवोदोलच्या मेंढ्यांच्या गळ्यातली घंटा तेवढी ऐकू आली. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

"काय म्हणाले?" वुकोतानं दारातून डोकं काढलं. दाढी होती तशीच होती.

"मेंढ्याबद्दल वाईट वाटतंय म्हणाले."

कोचावर इका पडली होती. पाच वर्षांची, डाव्या डोळ्यावर जाळीदार प्लास्टिकची वाटी, हातात बोटीवरून चोरलेला चमचा. तिचा आजार जन्मापासूनचा. लख्ख उन्हात तिला बरंच दिसायचं. पण दिवस कलला, की काहीच नाही. दिव्याचा ठिपका दिसायचा आणि त्या ठिपक्याभोवती सगळं जग पुसलेलं. कातरवेळ झाली, की ती असेल तिथं खाली बसायची आणि कुणी उचलून नेईपर्यंत उठायची नाही. एकदा चर्चच्या पायऱ्यांवर बसली, एकदा बसस्टँडवर, एकदा फुटबॉलच्या मैदानात मधोमध. सामना थांबवावा लागला होता.

"आई, फुगा वाटाण्याएवढा झालाय," इका म्हणाली. "खाली लोळतोय."

"तो खरं तर वर असतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ना, तुला उलटा दिसतो म्हणून."

"माझा डोळा आहे. मला माहीत आहे तो कुठंय ते."

वुकोताला ऑपरेशन समजावून सांगायला फार आवडायचं. बोटीवर त्यानं ते एका ट्रकवाल्याला आणि दोन जोगिणींना सांगितलं होतं. डोळ्याच्या आत, पाठीमागच्या भिंतीवर पडदा असतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. केसाहून बारीक सुई आत घालायची आणि त्या पडद्याच्या खाली एक थेंब सोडायचा. पडदा जरासा फुगतो, मग थेंब जिरतो आणि पडदा परत चिकटतो. त्या थेंबात विषाणू असतात. आणि विषाणूंच्या पोटात, इकाच्या शरीरात जी सूचना जन्मतःच चुकीची लिहिली गेली, तिची बरोबर प्रत. आदल्या दिवशी फोनवर त्यानं हे स्तामेनाला, म्हणजे आपल्या आईला, सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "विषाणू? मुद्दाम?"

"पोस्टमन समज, आई. पत्र टाकतो आणि जातो."

"आपल्याकडचा पोस्टमन जात नाही. राकियाची दारू प्यायला बसतो."

उजवा डोळा ऑक्टोबरात झाला. मग इकाला सर्दी झाली आणि डावा लांबला. तो होऊन आता दहाएक दिवस झाले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, फरक पडला तर आधी अंधुक उजेडात पडेल. 'पडला तर.' सगळ्यांना सारखा पडत नाही. काहींना थोडा, काहींना पुष्कळ. आणि काहींना, असं म्हणून त्यांनी खांदे उडवले होते.

सेंकाला ते खांदे रोज दिसायचे. म्हणून पहिल्या ऑपरेशनापासून तिनं पोरीजवळचा एकही दिवा विझवला नव्हता. इस्पितळात, बोटीत, आता रादोशकाकांच्या घरात, रात्रंदिवस सगळे दिवे चालू. खोलीत उजेड होता तोवर ऑपरेशन यशस्वी होतं. तिला ते तसंच राहायला हवं होतं.

*

मिल्यान ग्रूयोच्या दुकानात गेला आणि चिप्सच्या शेल्फासमोर उभा राहिला.

त्याला चिप्स माहीत नव्हते असं नाही. बहात्तर वर्षांत खाल्ले मात्र नव्हते. पाकिटं खरोखरच उशीसारखी टरारली होती. त्यानं एक उचललं, कानाशी नेलं, मग दोन्ही तळव्यांमध्ये धरून हळूच दाबलं. अगदी हळू. सुवोदोलच्या मापानं हळू.

फाटकन आवाज झाला. दुकानभर चिप्स उडाले. एक ग्रूयोच्या मिशीत अडकला.

"काय झालं, मिल्यान?"

मिल्यान हातातल्या फाटक्या पाकिटाकडे बघत होता. त्याचा चेहरा असा झाला होता, जणू त्यानंच कुणाला तरी मारलं.

घरी परत येताना तो बहिणीच्या थडग्यावरून आला. तो रस्ता लांबचा आहे. इकोनिया तिचं नाव. पोरीला तेच नाव ठेवलंय. ही मोठी इकोनियासुद्धा दिवस कलला की बसायची. अख्खं आयुष्य बसली. रादोश, सगळ्यात धाकटा, तिला खाली शहरात डॉक्टरला दाखवू म्हणाला होता. घरातला थोरला मिल्यान. तो नाही म्हणाला. कुलाशेविचांच्या रक्तात दोष आहे असं एकदा गावात झालं, की घरातल्या पोरींना कोण करून घेणार? आमच्याकडे माणसाला नऊ पिढ्यांची नावं तोंडपाठ असतात आणि नवांपैकी एकही आंधळा नसतो. तसा नियमच आहे.

इकोनिया गेली, तिला पुरली, आणि त्याच संध्याकाळी भावाभावांचं बिनसलं. गावात कारण असं सांगतात, की रादोशनं नेलेला विळा परत केला नाही. विळ्यावरून बारा वर्षं दोन भाऊ बोलत नाहीत, यात गावाला काही वावगं वाटलं नाही. विळा चांगला होता.

मिल्यान घरात शिरला. स्तामेना पीठ मळत होती.

"बाई," तो म्हणाला, "देवदूताला बांध."

"काय?"

"भिंतीवरून काढ आणि घोंगडीत बांध. मेंढा घे. मेणबत्ती घे. सण खाली होणार."

स्तामेनानं पिठाचे हात तसेच कमरेवर ठेवले. देवदूत मिहाइलोची ती तसबीर मिल्यानच्या आज्यानं टांगली होती. दोन महायुद्धांत ती हलली नव्हती. एकदा छप्पर उडालं, तेव्हासुद्धा भिंत आणि देवदूत जागेवर होते.

"खाली म्हणजे कुठं?" तिनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं, फक्त त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"जिथं पोरगी आहे तिथं."

"तिथं म्हणजे कुणाच्या घरी, मिल्यान?"

"मला काय माहीत कुणाचं घर आहे ते? चौथा मजला आहे एवढं कळलंय." मग तो दारात थबकला. "चौथा मजला म्हणजे उंच नाही ना?"

त्या संध्याकाळी स्तामेनानं फोनवर हाच प्रश्न विचारला, तेव्हा वुकोतानं मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये डॉक्टरीणबाईंना फोन लावून विचारलं. त्या म्हणाल्या, चौथा मजला चालेल. मग जरा थांबून म्हणाल्या, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

*

सणाच्या दिवशी सकाळी रादोश खिडकीत उभा होता आणि खाली थोरल्या भावाची गाडी लागताना बघत होता. पुढच्या सीटवर, बेल्ट लावून, देवदूत बसला होता. स्तामेनावहिनी मागं, मांडीवर काचामाकची, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीची, कढई. मेंढा डिकीत.

रादोश निवृत्त बोटचालक. बायको नाही, मूल नाही, घरात सगळं जागच्या जागी. गेल्या दोन दिवसांत त्याच्या घरात न विझणारे दिवे आले होते, औषधाच्या बाटल्या आल्या होत्या आणि त्याला 'धाकटे आजोबा' म्हणणारी एक पोर आली होती. ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "तुमच्या घराला कॉफीचा वास येतो. आजोबांच्या घराला मेंढीचा. कॉफी बरी." त्यानंतर तिनं मागितलं असतं तर त्यानं तिला बंदर दिलं असतं.

दार उघडं होतं. मिल्यान आत आला, छातीशी घोंगडीत देवदूत. भावाकडे न बघता भिंतींकडे बघत म्हणाला, "स्तामेना, विचार त्याला, खिळा आहे का."

"आहे का खिळा?" स्तामेनानं विचारलं. तिच्या आणि रादोशच्या मध्ये एक पाऊल होतं.

"सांग त्याला, आहे. पूर्वेच्या भिंतीला. कालच ठोकलाय."

मिल्याननं खिळा हलवून बघितला. पक्का होता. त्यानं घोंगडी सोडली.

तसबीर लागली, मेणबत्ती खोचली, आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की मोठी अडचण होऊन बसलीय. ज्याचा संत, तो यजमान. संत घरातल्या थोरल्याचा, म्हणजे मिल्यानचा, म्हणजे यजमान मिल्यान. आणि यजमान मिल्यान तर मग या घरात रादोश कोण?

"पाहुणा," वुकोता म्हणाला.

"स्वतःच्या घरात?" सेंकानं विचारलं.

"मी काय करू? रीतच आहे."

"पण पाहुणा आला पाहिजे ना बाहेरून," स्तामेना म्हणाली. "हा तर आतच आहे."

आणि पुढची अडचण अशी, की आमच्याकडे सणाला कुणाला बोलवत नाहीत. बोलावणं हा अपमान समजतात. ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला, मग तो कुणीही असो, दारातून परत पाठवता येत नाही. मिल्यान त्याला बोलावू शकत नव्हता. बारा वर्षांचं भांडण असताना रादोश बसून राहू शकत नव्हता. सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले. मेंढ्याचा वास सुटला होता.

रादोशनं टोपी घातली. कोट घातला. स्वतःच्या दारातून बाहेर पडला आणि दार ओढून घेतलं.

जिन्यात पावलं वाजली. मग घंटी वाजली.

मिल्याननं दार उघडलं. बाहेर त्याचा भाऊ उभा होता, हातात शेजारणीकडून पळवलेली फुलझाडाची कुंडी. पाहुण्यानं रिकाम्या हातानं यायचं नसतं.

"सण सुखाचा होवो, यजमान," रादोश म्हणाला.

"देव तुझं भलं करो. ये, आत ये," मिल्यान म्हणाला. हे सणाचे शब्द. ते बोलण्यात धरत नाहीत. मग तीन वेळा गालाला गाल लावणं आलं. दोन कुंपणाचे खांब वाऱ्यानं एकमेकांवर आदळावेत तसं ते पार पडलं.

"बसा," मिल्याननं कोचाकडे हात केला. रादोश स्वतःच्या कोचावर अवघडून टोकाला बसला.

"धाकटे आजोबा, तुम्ही बाहेर का गेला होता?" इकानं विचारलं.

"आत येण्यासाठी," रादोश म्हणाला. इकाला हे पटलं.

*

दुपारपर्यंत घर भरलं. इमारतीतली सगळी आली, कारण जिन्यात मेंढ्याचा वास पोचला होता. ज्या शेजारणीची कुंडी होती तीही आली आणि कुंडीकडे बघून म्हणाली, "अगदी आमच्यासारखीच आहे हो." यजमानानं सणाच्या दिवशी बसायचं नसतं. मिल्यान उभा राहून वाढत होता, पण त्याला घरातलं काही सापडत नव्हतं.

"स्तामेना, विचार पाहुण्याला, पेले कुठंयत."

"सांग यजमानाला, डावीकडचं कपाट."

"विचार, मीठ."

"सांग, त्याच्या नाकासमोर."

स्तामेना कढई ढवळत होती. तिनं दोघांचंही एकमेकांना काही सांगितलं नाही. दोघांना सगळं व्यवस्थित ऐकू येत होतं.

पाहुण्यांना वेगळाच उद्योग मिळाला होता. जो येई तो इकासमोर बोटं धरी. "किती गं, बाळ?" इकाला हे आधी कळेना, मग आवडेना. ती सगळ्यांना सात सांगायला लागली. दोन बोटांना सात, पाच बोटांना सात. एकानं मूठ धरली तर म्हणाली, "सात, पण झोपलीयत." पाहुणे सेंकाकडे कीव करून बघत आणि ताट भरून घेत. सेंका दर वेळी हसत होती आणि दर वेळी दिवा चालू आहे ना ते बघत होती.

मग कुंडीवालीनं हाडूक चोखता चोखता विचारलं, "पण हे आलं कुठून म्हणते मी? कुणाच्या घराण्यातलं?"

सेंकानं पेला खाली ठेवला. याचं उत्तर तिला पाठ होतं. पाच वर्षं ती ते ऐकत आली होती: समुद्राकडचं आहे हो, त्या लोकांच्या डोळ्यांत मीठ जातं. तपासणीचा निकाल आला, दोन्हीकडून एकेक चूक आली तरच हा आजार होतो असं छापून आलं, तरी सुवोदोलमध्ये मीठच चालू होतं. तिनं वुकोताकडे बघितलं. वुकोता दाढी करायला जाऊ शकला असता तर गेला असता. पण स्तामेना, जिनं आजवर या विषयात एकदाही तोंड उघडलं नव्हतं, ती कढई सोडून आली आणि सुनेच्या खुर्चीमागं उभी राहिली. कढईतला डाव हातातच होता. तिनं तो नवऱ्याच्या दिशेनं जरासा उचलला.

मिल्यान मांसाचं ताट घेऊन खोलीच्या मधोमध उभा होता.

"अर्धं यांच्याकडून," तो म्हणाला. "अर्धं आमच्याकडून."

"म्हणजे बरोबरी," कुणीतरी म्हणालं.

"बरोबरी कसली? माझी बहीण होती, इकोनिया. तिला दोन्ही अर्धी आमचीच." तो जरा थांबला. "तिला कुणी नापोलीला नेलं नाही. बारलासुद्धा नेलं नाही. न्यायला माणूस तयार होता. मीच पाठवलं नाही. घ्या, मांस घ्या, गार होतंय."

सगळ्यांनी मुकाट्यानं मांस घेतलं. शेजारणीनं दोनदा घेतलं. कोचाच्या टोकाला रादोश टोपीकडे बघत बसला होता. टोपी तो हातात गोल गोल फिरवत होता आणि ती थांबत नव्हती.

सेंकाच्या खांद्यावर सासूचा हात आला. त्याला कांद्याचा वास होता.

"बारा वर्षं लागली बघ त्याला," स्तामेना तिच्या कानाशी म्हणाली. "आणि मला वाटायचं तूच हट्टी."

*

दिवस कलला. नोव्हेंबरात इथं पाचच्या आत काळोख होतो.

आता जे व्हायचं होतं ते सेंका सकाळपासून टाळत होती. कुलाशेविचांच्या घराण्यात सणाचा शेवटचा पेला मेणबत्तीच्या उजेडात पितात. रीत पडली तेव्हा गावात वीज नव्हती. वीज आल्यावर रीत बदलायला कुणी सांगितलं नाही, म्हणून त्या पेल्याच्या वेळी घरातले सगळे दिवे मालवतात. सगळे उभे राहतात, यजमान देवदूतासमोर बोलतो, मग मेणबत्तीवर वाइनचा थेंब टाकून ती विझवतो.

"बाबा, यंदा दिवे राहू देत," सेंका म्हणाली.

"दिवे?" मिल्यान म्हणाला. "देवदूताला मी घोंगडीत बांधून आणलं, गाडीत बेल्ट लावला, चौथ्या मजल्यावर चढवलं. आता त्याच्या डोळ्यांवर ट्यूबलाइट पण मारू?"

"ती घाबरते अंधारात. खाली बसते. सगळ्यांसमोर."

"मग बसू दे. आम्हीपण बसू." त्याचा आवाज एकदम खाली आला. "सेंका. तूच घाबरतेस. मीपण."

तिनं वुकोताकडे बघितलं. आणि या वेळी, सगळ्या घराण्याच्या साक्षीनं, वुकोता कुठंही गेला नाही. तो भिंतीपाशी गेला, बटणावर हात ठेवून म्हणाला, "मी करतो. आज ना उद्या करावंच लागेल." आणि बटण दाबलं.

स्वयंपाकघरातला दिवा स्तामेनानं घालवला. जिन्यातला आपोआप गेला. मेणबत्ती एक. बाकी खोली तपकिरी अंधारात बुडाली. पूर्वेच्या भिंतीवर देवदूताची नुसती तलवार चकाकत होती. माणसांचे चेहरे गेले, श्वास उरले.

इका टेबलाच्या पलीकडे होती, उजव्या डोळ्यापुढचे केस मागं सारत. सेंकानं ओळखलं, आता गुडघे वाकतील. आता ती हात पुढं करील, जमीन चाचपील आणि बसेल. ती गर्दीतून तिच्याकडे सरकायला लागली. कुणाचा तरी कोपर, कुणाची तरी खुर्ची. मिल्यान बोलत होता, नऊ पिढ्यांची नावं, एकामागून एक. नववं नाव झालं, आणि तो थांबायचा तिथं थांबला नाही. "आणि इकोनिया," तो म्हणाला. आजवर त्या यादीत बाईचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

"आजोबा," इकाचा आवाज आला. "तुम्ही धाकट्या आजोबांचा हात का धरलाय?"

मेणबत्ती तडतडली.

"कोण म्हणतं?" मिल्याननं विचारलं.

"मी."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. खाली धरलाय, टेबलाच्या मागं. धाकटे आजोबा तुमचा अंगठा दाबतायत. टोपी पडलीय त्यांची."

सेंका जागच्या जागी उभी राहिली. टेबलाच्या मागं काय आहे ते तिला स्वतःला दिसत नव्हतं. तिथं काळोख होता. नुसता काळोख.

"इका," ती म्हणाली. "अजून काय दिसतं?"

इकानं खोलीभर मान फिरवली, सावकाश, दुकानात आल्यासारखी. "आजी डोळे पुसतेय, पण डाव अजून हातात आहे, काचामाक लागतोय तोंडाला. कुंडीवाल्या काकू मांस रुमालात बांधतायत."

अंधारात शेजारणीनं काहीतरी चटकन खाली टाकलं.

"बाबा पडद्याच्या मागं गेलेत. त्यांचे बूट दिसतायत. आणि बाबांची दाढी पडद्याबाहेर आहे, ती हलतेय. बाबा, रडताय का?"

"नाही," पडदा म्हणाला.

"आणि तू," इका आईला म्हणाली, "तू तिथं का उभी आहेस? इकडं ये ना. वाट मोकळी आहे. फक्त खुर्ची आहे, उजवीकडं. थांब, तुला दिसत नाही का? मीच येते."

आणि ती आली. टेबलाला वळसा घालून, पडलेली टोपी ओलांडून, ट्रकएवढ्या दोन पाहुण्यांच्या मधून, एकदाही हात पुढं न करता. येता येता तिनं खुर्ची आईच्या वाटेतून बाजूला सरकवली. सेंका खाली बसली, असेल तिथं, जमिनीवर, फुटबॉलच्या मैदानात बसावं तशी. आणि पोरीनं वाकून तिचा हात धरला, उठवण्यासाठी.

पहिला ओरडला तो खालच्या मजल्यावरचा टॅक्सीवाला. मग सगळेच. कुणी मिहाइलोला हाक मारत होतं, कुणी नापोलीच्या बाईला. जिन्यातून लोक विचारायला लागले कोण जिंकलं. वुकोता पडद्यासकट बाहेर आला. स्तामेनानं डाव हवेत उडवला आणि तो कुणाच्या तरी डोक्यावर पडला. अंधारात कुणाच्या ते कळलं नाही. इकाला विचारलं असतं तर कळलं असतं. खुद्द इका वैतागली होती. तिच्या मते आरडाओरडा करण्यासारखं काहीच झालं नव्हतं. आजोबा हात धरून उभे होते, एवढंच.

मेणबत्ती विझवायची राहून गेली होती. या सगळ्या गोंधळात रादोशनं मोकळा हात भिंतीकडे नेला. त्याचं घर, त्याला बटण न बघता सापडत होतं.

मिल्याननं त्याच्याकडे वळून बघितलं. दुसरा हात अजून सुटला नव्हता. मध्ये स्तामेना नव्हती.

"रादोश, दिवा नको लावूस," तो म्हणाला. "पोरीला दिसतंय."